जारच्या पाण्याचा मूळ पत्ता

दादामियाँनी एक घोट घेतला, पेला टीपॉयवर ठेवला आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

मकबूलभाईंची तयारी वेगळ्या प्रश्नांची होती. मुलीचं शिक्षण, नोकरी, उंची, चष्म्याचा नंबर, इतकंच काय, स्वयंपाक येतो का याचंही उत्तर त्यांनी घोकून ठेवलं होतं. (ते उत्तर खोटं होतं, पण घोकलं होतं.) पाण्याचा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

"जारचं," ते म्हणाले आणि हॉलच्या कोपऱ्याकडे त्यांनी जरा अभिमानानंच बोट केलं. तिथे निळ्या स्टँडवर वीस लिटरचा जार उभा होता आणि नसीमबानूंनी त्याला क्रोशाचं झबलं विणून घातलं होतं.

"जार हे भांडं झालं. मी पाणी कुठलं ते विचारतोय."

"कंपनीचं आहे ना."

"कंपनीकडे कुठून आलं?"

मकबूलभाईंनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. नसीमबानूंना नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात काहीतरी आठवलं. दादामियाँचा चेहरा उतरलेला होता. पेल्याकडे ते अशा नजरेनं बघत होते की मकबूलभाईंनाही तो पेला परका वाटायला लागला.

"बघून ठेवा," उठताना दादामियाँ म्हणाले. "पुढच्या रविवारी सरबताला येतो."

आता हे सरबत म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. या दोन्ही घराण्यांत होकार तोंडानं देत नाहीत. मुलीच्या घरी चार माणसांदेखत मुलाचा बाप सरबताचा पेला तळापर्यंत पितो, रिकामा पेला पालथा घालतो, की सोयरीक पक्की. एक घोट घेऊन पेला ठेवला, तर पाहुणे हवापाण्याच्या गप्पा मारून घरी जातात आणि नंतर कोणी कोणाला फोन करत नाही. मकबूलभाईंच्या एका मावसबहिणीचं लग्न असंच अर्ध्या पेल्यावर राहिलं होतं, आणि ती बाई आजही कोणाकडे सरबत घेत नाही.

बरं, दादामियाँ म्हणजे काही साधा पिणारा नव्हता. शहराच्या पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं चावीवाला म्हणून राबलेला माणूस. कुठल्या पेठेला किती वाजता पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात असायचं, आणि नुसता घोट घेऊन हे पाणी कुठल्या टाकीचं ते सांगतात अशी त्यांची ख्याती होती. दर उन्हाळ्यात मंडईच्या कोपऱ्यावर ते स्वतः उभे राहून सबील चालवायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट गार पाणी पाजायचे. पाणी विकण्याबद्दल त्यांचं मत जमातीत सगळ्यांना पाठ होतं. "पाणी विकणारा माझ्या मय्यतीला आला तर मी उठून बसेन आणि त्याला घालवून देईन," असं ते दोनदा तरी माइकवरून बोलले होते. आणि अशा माणसापुढे मकबूलभाईंनी विकतचं पाणी ठेवलं होतं, तेही बोट दाखवून.

"अब्बू, एवढं टेन्शन नका घेऊ," सलीमा म्हणाली. "सॅम म्हणतो, ते सगळ्यांनाच असं विचारतात. हॉटेलात वेटरला पण विचारतात." सॅम म्हणजे दादामियाँचा शमशुद्दीन. दोघं एकाच आयटी कंपनीत होती, आणि तिथे पूर्ण नाव घ्यायला कोणाला वेळ नव्हता.

"आणि पेला ठेवला तर?"

सलीमा हसायला लागली आणि मधेच थांबली. मग मोबाईलमध्ये काहीतरी बघत आत गेली. पोरगी काही बोलत नाही याचा अर्थ मकबूलभाईंना चांगला कळत होता. तीन स्थळं तिनं स्वतः नाकारली होती, या चौथ्याचं नाव घेताना मात्र ती भिंतीकडे बघायची. तिच्या सुखाच्या आणि आपल्या मधे आता वीस लिटरचा एक जार उभा आहे, हे त्यांच्या मनात आलं.

मकबूलभाई रेल्वे टपालात एकतीस वर्षं सॉर्टर होते. अर्धवट पत्त्याची, पावसात भिजलेली, नुसतं 'आमच्या तात्यांना मिळावे' एवढंच लिहिलेली पत्रं त्यांनी तात्यांना मिळवून दिली होती. कुठून निघालं, मधे कुठे थांबलं आणि कुठे पोचलं, या तीन प्रश्नांवर त्यांची हयात गेली. पाण्यालाही त्यांनी तेच लावायचं ठरवलं. कपाटातून एक कोरी डायरी काढली, खिशाला पेन अडकवलं आणि सोमवारी सकाळी ते जारसमोर मांडी घालून बसले.

झबलं काढल्यावर लेबल दिसलं. लेबलावर बर्फाचा डोंगर होता आणि डोंगराखाली कधीकाळी नाव असावं. त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं: बॅच क्रमांकासाठी झाकण पहा. मकबूलभाईंनी झाकण पाहिलं. झाकणावर होतं: बॅच क्रमांक तळाशी. तळ बघायचा म्हणजे जार तिरका करणं आलं. त्यांनी तो तिरका केला, मान खाली घालून तळ वाचायचा प्रयत्न केला आणि झाकण आपण नुकतंच काढलं आहे हे विसरले.

वीस लिटर पाणी म्हणजे किती हे जारमध्ये असताना कळत नाही. सोफ्याखाली गेलं, दिवाणाखाली गेलं, चपलांच्या कपाटात गेलं. पाच मिनिटांनी दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे आप्पासाहेब दारात उभे होते. हे निवृत्त प्राध्यापक. सोसायटीत कोणाच्याही घरी काही बिघडलं की सांत्वनाला पहिले तेच यायचे.

"मकबूलभाई, आमच्या छतातून मिनरल वॉटर येतंय," ते म्हणाले. "नळ जोडून घेऊ की आपण रोज असंच सोडणार?"

मकबूलभाईंनी माफी मागितली आणि ओघात सगळी हकीकत सांगितली. ही त्यांची पहिली चूक. पुण्यात माणसानं आपली अडचण शेजाऱ्याला सांगू नये असं नाही, पण मग शेजारी ती सोडवायला घेतो. आप्पासाहेबांनी सोफ्याचा कोरडा कोपरा पाहून बैठक मारली. "उगम शोधायचा तर हिमालयात जायला हवं. हडपसरात उगम नसतो, टँकर असतो," असं सांगून त्यांनी चहा घेतला, आणि तासाभरात ही बातमी चारही मजल्यांवर पोचली.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीताई टीडीएस मीटर घेऊन आल्या. ही पेनासारखी एक कांडी असते, ती पाण्यात बुडवली की आकडा येतो. "आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं," त्या म्हणाल्या. मागोमाग आलेल्या आप्पासाहेबांनी आकडा जास्त म्हणजे खनिजं जास्त, म्हणजे पाणी चांगलं, असं सांगितलं. यावर दोघांचं अर्धा तास वाजलं. मकबूलभाईंनी दोघं गेल्यावर जारच्या तळाशी उरलेलं पाणी तपासलं, नळाचं तपासलं, मग हात शिवशिवतो म्हणून चहाही तपासला. जारचा आणि नळाचा आकडा अगदी सारखा आला, त्यावरून मीटर बिघडलेला आहे हे सिद्ध झालं आणि त्यांनी तो परत केला.

"कशाला नसतं काढताय?" नसीमबानू कढईतली भाजी परतत म्हणाल्या. "नळाचं पाणी उकळून गाळून करू सरबत. झालं."

"नळाचं?" मकबूलभाईंना ते ऐकवेना. "अगं, मग लोक म्हणतील की पाहुणे रागावले म्हणून जार लपवला. आणि चवीत केवढा फरक पडतो! जारचं पाणी हलकं असतं. नळाचं मला घोटात कळतं."

नसीमबानूंनी भाजीवर झाकण ठेवलं.

मंगळवार कचेऱ्यांत गेला. पहिल्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "जारला सील असतं का?"

"नाही. झाकण असतं."

"मग ते बाटलीबंद पाणी होत नाही."

"मग काय होतं?"

"थंड पाणी. थंड पाणी आमच्याकडे नाही." साहेबांनी हे इतक्या समाधानानं सांगितलं की मकबूलभाईंना आभार मानावे लागले.

दुसऱ्या कचेरीत एका बाईंनी आस्थेनं चौकशी केली. कोणी आजारी पडलंय का? नाही? जुलाब, उलट्या, कावीळ, काहीच नाही? "मग पडल्यावर या," त्या म्हणाल्या. मकबूलभाईंनी कबूल केलं. तिसऱ्या कचेरीत नळाचं पाणी असेल तर आमचं, नसेल तर आमचं नाही, असा स्वच्छ कारभार होता. परंतु अर्ज देऊन ठेवायला हरकत नाही, तीन प्रतींत द्या, सोबत पाण्याचा नमुना जोडा. मकबूलभाईंनी पाण्याचा नमुना अर्जाला कसा जोडायचा ते विचारलं. टाचणी चालणार नाही, असं उत्तर मिळालं.

घरी आले तेव्हा जिन्यात आप्पासाहेब उभे होते. "कुठपर्यंत आला शोध? गंगोत्री?"

"चालू आहे," मकबूलभाई म्हणाले आणि दोन पायऱ्या एकदम चढले. एकतीस वर्षांत एकही पाकीट हरवू न दिलेल्या माणसाला जिन्यात तोंड चुकवावं लागावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. शिवाय सलीमा जेवत नव्हती. म्हणजे ताटावर बसायची, भाकरीचे तुकडे इकडचे तिकडे करायची आणि उठायची.

बुधवारी जार टाकणारा बजरंग आला. मकबूलभाईंनी त्याला पाणी कुठून आणतोस म्हणून विचारलं. "टेंपोतून," तो म्हणाला. टेंपोत कुठून येतं विचारल्यावर मालकाला विचारा म्हणाला, आणि मालक कुठे विचारल्यावर काका, मला अजून बावीस जार टाकायचेत म्हणाला. तेव्हा मकबूलभाईंनी हेल्मेट चढवलं आणि स्कूटरवरून टेंपोचा पाठलाग सुरू केला. पाठलाग हा शब्द फार झाला, कारण हडपसरच्या बाजारात टेंपो, स्कूटर, एक बैल आणि पीएमटीची बस असे चौघं पाऊण तास एकाच जागी उभे होते. बजरंगनं आरशातून तीनदा हात केला. मकबूलभाई प्रत्येक वेळी दुसरीकडे बघत राहिले.

टेंपो शेवटी एका पत्र्याच्या शेडसमोर थांबला. आजूबाजूला अकरा मजली इमारती उठल्या होत्या आणि मधे हा तुकडा विकायचा राहून गेला होता. शेडचे मालक मच्छिंद्रराव. गाव शहरात आलं तेव्हा शेती गेली, आणि आता ते आपल्याच शेताच्या जागी राहायला आलेल्या लोकांना पाणी पोचवत होते. हेल्मेट, डायरी आणि खिशाला पेन बघून ते तीरासारखे बाहेर आले.

"या सायेब, या! आरं, खुर्ची आणा. अगोदर कळवलं असतं तर धुऊन घ्येतलं असतं की."

"मी साहेब नाही," मकबूलभाई म्हणाले.

"आसं सगळेच सायेब म्हंत्यात," मच्छिंद्रराव समजुतीनं म्हणाले आणि त्यांनी पाहुण्यांपुढे दुकानातली सीलबंद बाटली ठेवली.

"हे तुमचं पाणी?"

"छ्या! ह्ये चांगलं हाय. आमी ह्येच पितो."

मुलीचं लग्न ठरतंय, व्याही पाण्याचे जाणकार आहेत, मूळ पत्ता हवा आहे, असं सगळं त्यांनी खरं खरं सांगून टाकलं. मच्छिंद्ररावांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि माणूस एकदम मनमोकळा झाला. "अवो काका, मंग आधी न्हाय का सांगायचं! आमी पानी बनवत न्हाय, निस्तं गार करतो. पानी टँकरचं. टँकरवाला कुटनं भरतो, त्ये गेनबालाच ठावं. शुक्करवारी सकाळी या, त्याच्यासंगं जावा. लेकीच्या लग्नाला न्हाय कशाला म्हनायचं?"

शुक्रवारी सकाळी साडेआठला मकबूलभाई टँकरच्या केबिनमध्ये चढून बसले. गेनबा हा पन्नाशीचा, हसरा आणि अखंड बोलणारा माणूस होता. सासवड रस्त्याला लागल्यावर त्यानं टँकर दोनदा थांबवला. एकदा मेहुणीच्या दारातली पिंपं बघायला, आणि एकदा स्वतःचे पाय धुवायला. पाय त्यानं टँकरच्याच नळीखाली धुतले. मकबूलभाईंनी तेही डायरीत लिहून घेतलं, वेळेसकट.

"पानी मातर ग्वाड हाय बगा," गेनबा सांगत होता. "म्हातारा लई कडक. टँकर धुतल्याबिगर नळी लावू दीत न्हाय. अन् कुनाला सांगायचं न्हाय म्हंतो, कुटनं भरलं त्ये."

"का?"

"काय की! मोटा मानूस आसंल."

रस्ता संपून माळ लागला. माळावर एक लिंबाचं झाड, झाडाखाली बोअरची मोटर आणि मोटरीशेजारी बाजेवर एक म्हातारा लुंगी-बनियनवर बसलेला. टँकरचा आवाज ऐकून तो उठला, हातातली लोखंडी चावी त्यानं व्हॉल्व्हला लावली आणि वळून बघितलं. ते दादामियाँ होते.

गेनबानं नळी लावली, पाणी धो धो वाहायला लागलं, आणि दोघं व्याही एकमेकांकडे बघत नुसते उभे राहिले. मकबूलभाईंच्या मनात पहिला विचार आला तो पळून जाण्याचा, पण स्कूटर मच्छिंद्ररावांच्या शेडमध्ये होती.

"तुम्हाला कोणी पाठवलं?" दादामियाँनी विचारलं.

"तुम्हीच," मकबूलभाई म्हणाले. "तुम्हीच म्हणालात ना, बघून ठेवा."

दादामियाँ बाजेवर बसले. बराच वेळ त्यांनी हातातली चावी चाळवली. "रिटायर झाल्यावर ही जमीन घेतली," ते हळूहळू सांगायला लागले. "बोअर मारला, पहिल्याच दिवशी पाणी. वाड्यावस्त्यांवरचे लोक घागरी घेऊन यायचे, मी फुकट देत होतो. मग एक दिवस एक टँकर आला. दुष्काळ होता, नाही म्हणता आलं नाही. एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला काय सांगणार? मंडईची सबील याच पैशातून चालते, मकबूलभाई. घरात कोणाला माहीत नाही. त्यांना वाटतं मी इथे झाडं लावतो."

"पण मग आमच्याकडे..."

"तुमच्याकडे घोट घेतला आणि जिभेला माझ्या बोअरची चव लागली!" दादामियाँनी कपाळावरचा घाम पुसला. "हातपाय गार पडले हो माझे. म्हटलं, याला सगळं कळलंय. माझंच पाणी माझ्यापुढे ठेवून चेष्टा करतोय. म्हणून विचारलं, पाणी कुठलं. पाच दिवस झोप नाही मला."

"मला पण नाही," मकबूलभाई म्हणाले. एवढं बोलून त्यांना इतकं हलकं वाटलं की तेही बाजेवर टेकले. ज्या माणसाच्या धाकानं आपण जिन्यात तोंड चुकवत होतो तो आपल्याहून जास्त घाबरलेला आहे, हे बघून त्यांना त्याच्याबद्दल माया वाटली. आणि लगेच दुसरी भीती वाटली. आपल्याला हे कळलं आहे, म्हणूनच आता हा माणूस सोयरीक मोडेल. ज्याच्याकडे आपलं गुपित आहे त्याच्या घरी मुलाची वरात कोण नेतो?

दादामियाँनी नळी बाजूला घेतली आणि मकबूलभाईंच्या ओंजळीत पाणी धरलं. पाणी खरंच गोड होतं, थंड होतं.

"इथून निघतं तेव्हा असं असतं," दादामियाँ म्हणाले. "पुढे त्याचं काय होतं ते मी बघत नाही. तुमच्याकडे दुसरा घोट घ्यायचा धीर झाला नाही तो त्यामुळेच."

मकबूलभाईंना गेनबाचे पाय आठवले. त्यांनी डायरी मिटून खिशात टाकली. "साहेब, मी काही पाहिलं नाही. मी बाप आहे. मला फक्त माझी पोरगी सुखात हवी."

दादामियाँनी त्यांचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते त्यांचे. "रविवारी सकाळी दोन कॅन पाणी मी स्वतः भरून तुमच्या दारात ठेवतो. टँकर नाही, शेड नाही, मधे कोणी नाही. त्याचंच सरबत करा. मी तळापर्यंत पिईन."

रविवारी सातला बेल वाजली. दारात दोन पांढरे कॅन होते आणि जिन्यातून कोणीतरी घाईनं उतरत होतं. मकबूलभाईंनी कॅन स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

"हे काय?" नसीमबानूंनी विचारलं.

"पाणी. सरबताचं. याचंच करायचं."

"कुठलं?"

हा प्रश्न ऐकला की मकबूलभाईंना आता धडधड व्हायची. "ओळखीचं आहे," ते म्हणाले. "जास्त विचारू नकोस. शपथेवर सांगतो, याच्याइतकं चांगलं पाणी या शहरात नाही." नसीमबानूंनी झाकण उघडून वास घेतला, कॅनच्या तळाला लागलेली माती बघितली, नवऱ्याचा घामेजलेला चेहरा बघितला आणि बरं म्हणाल्या.

अकरा वाजता हॉल भरला. दादामियाँ, त्यांच्या बेगम, सॅम, मशिदीतले दोन बुजुर्ग, मंदाकिनीताई, आणि सगळ्यात मोक्याच्या खुर्चीवर आप्पासाहेब. पडद्यामागे सलीमाचा हिरवा दुपट्टा तेवढा दिसत होता. ट्रे आला. सरबताचे पेले वाटले गेले. दादामियाँनी पेला उचलला, मकबूलभाईंकडे एक नजर टाकली, आणि नेमके आप्पासाहेब बोलले.

"काय मकबूलभाई, लागला का पाण्याचा उगम?"

पेला दादामियाँच्या ओठांपासून चार बोटांवर थांबला आणि सरबताला बारीक लाटा यायला लागल्या. बुजुर्गांनी माना वळवल्या. पडद्यामागचा दुपट्टा हलायचा थांबला. खरं सांगावं तर व्याही गेले, खोटं सांगावं तर ते पचवायची त्यांना सवय नव्हती.

"कचेऱ्यांत अर्ज दिलाय," ते म्हणाले. "तीन प्रतींत. उत्तर आलं की नोटीस बोर्डावर लावतो."

"म्हणजे नातवंडांच्या लग्नापर्यंत कळेल," आप्पासाहेब म्हणाले, आणि लोक हसले. त्या हसण्यात दादामियाँनी पेला तोंडाला लावला. एक घोट, दुसरा घोट. मकबूलभाई प्रत्येक घोट मोजत होते. पेला वर, आणखी वर गेला, आणि पालथा होऊन ट्रेमध्ये आला.

"सुभानअल्लाह!" दादामियाँ म्हणाले. "चौतीस वर्षं पाण्यात काढली मी. पण ही चव! ही चव लाखात एका पाण्याला असते. ज्याला कळते त्यालाच कळते." असं म्हणून त्यांनी मकबूलभाईंना मिठी मारली. सॅम पडद्याकडे बघून लहान मुलासारखा हसला. आत सलीमा चक्क रडत होती, आणि रडता रडता एका हातानं मोबाईलवर कोणाला तरी कळवतही होती.

मकबूलभाई स्वयंपाकघरात धावले. "नसीम! झालं! पेला पालथा झाला! काय सरबत केलंस!"

नसीमबानू उकिडव्या बसून फडकं पिळत होत्या. स्वयंपाकघराची फरशी लखलखत होती. दोन्ही पांढरे कॅन मोरीत आडवे पडले होते, रिकामे.

"हे... हे पाणी..."

"कोणाचं कुठलं पाणी, तळाला माती, आणि मी माझ्या मुलीच्या सरबतात घालणार?" नसीमबानू म्हणाल्या. "सकाळी पोचा मारला त्यानं, आता उरलेलं संपवते. सरबत नळाचं आहे. उकळून, गाळून."

मकबूलभाईंनी एक कॅन उचलून हलवून पाहिला. "आणि मागच्या रविवारी? ते पहिल्या दिवशी प्यायले, ते?"

"तेही नळाचंच. चार महिने झाले, बजरंग जार ठेवून गेला की मी तो झाडांना घालते आणि नळाखाली भरून परत उभा करते. एकदा आत शेवाळ दिसलं होतं. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही रोज म्हणायचात, काय हलकं पाणी आहे."

बाहेर हास्याचा गडगडाट चालू होता. बाहेर एक माणूस चौतीस वर्षांच्या जिभेवर विसंबून बसला होता, आणि त्या जिभेनं एकदा नाही तर दोनदा दगा दिला आहे हे जगात फक्त या स्वयंपाकघराला ठाऊक होतं. भीतीनं नळाच्या पाण्यात स्वतःचा बोअर चाखून त्या बिचाऱ्यानं माळावर सगळं कबूल केलं होतं. हसावं की बाहेर जाऊन त्याचे पाय धरावेत, हे त्यांना कळेना.

इतक्यात दादामियाँच स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मकबूलभाई झटकन मोरी झाकून तिच्यापुढे उभे राहिले. दादामियाँनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मकबूलभाई, तुम्ही शब्द पाळलात. आता मीही पाळतो. आजपासून दर रविवारी दोन कॅन तुमच्या दारात. माझ्या जिवात जीव आहे तोवर माझ्या विहिणीच्या घरात दुसरं पाणी यायचं नाही."

मकबूलभाईंनी मागच्या मागे पायानं एक कॅन मोरीत आणखी आत सरकवला. "मेहरबानी," ते म्हणाले.

दादामियाँ डोळे पुसत बाहेर गेले. नसीमबानूंनी फडकं झटकलं आणि दोरीवर वाळत घातलं.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "फरशी छान निघते."